मोडेम उत्तर देत नाही

पांझरेच्या पुलावर एका सायकलवाल्यानं मला मागून धडक दिली, तिथून हे सगळं सुरू झालं. आता हसून सांगते. तेव्हा मात्र माझ्या पिशवीतली भरताची वांगी पार कठड्यापर्यंत घरंगळली होती आणि मी त्या माणसाला भर रस्त्यात फैलावर घेतलं होतं.

“डोळे घरी ठेवून निघता का हो?”

“सॉरी ताई... ब्रेकच लागला नाही.” तो उकिडवा बसून वांगी गोळा करत होता, पण एकाच हातानं. दुसऱ्या हातानं त्यानं एक पुठ्ठ्याचा खोका छातीशी धरला होता.

“ठेवा ना तो खोका खाली! दोन्ही हातांनी उचला.”

“हा नाही ठेवता येणार. जळगावहून आणलाय. एका घरी फार गरज आहे त्याची.”

“आणि आमच्या घरी भरताची गरज नाही वाटतं?”

तो हसला. हसताना त्याचा एक गाल आत जात होता... आणि ते मला दिसलं, याचाच मला राग आला. जाताना त्यानं खिशातून मूठभर मेहरूणची बोरं काढून माझ्या पिशवीत टाकली. मी मागे वळूनही न बघता देवपूरची वाट धरली.

तासाभरानं आमच्या दारात तोच. तोच खोका, तोच गाल.

“झुलाल सरांचं घर ना? मी लीलाधर. कॉम्प्युटर क्लासमधून आलोय, मोडेम बसवायला.” मग त्याला मी दिसले. “अरे देवा,” तो म्हणाला.

आमच्या घरी त्या मोडेमची वाट कशी पाहिली जात होती, ते सांगायला हवं. नव्व्याण्णव सालचा हिवाळा. माझे वडील, नाना, गावातल्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. आवाज असा की मैदानावरून हाक मारली तर तीन वर्ग चूप. त्याच आवाजात ते सहा वर्षांपूर्वी माझ्या मोठ्या भावाला, हिलालदादाला, म्हणाले होते, “आजपासून तू मला मेलास.” दादानं अमेरिकेत आपल्या मनानं लग्न केलं होतं, एवढाच त्याचा गुन्हा. तेव्हापासून दादा रविवारी फोन करायचा, आईशी बोलायचा, माझ्याशी बोलायचा. नाना त्या वेळी ओसरीवर जाऊन बसायचे.

आणि मग नानांच्या घशात गाठ निघाली. आवाज बसला, फाटला, शेवटी गेलाच. उरला नुसता वारा. नाना पाटी-पेन्सिलीनं बोलू लागले. दादाला कळवायचं नाही, अशी त्यांनी आम्हा दोघींना शपथ घातली होती. पण एका रविवारी फोन वाजला तेव्हा तेच उठले. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी रिसीव्हर कानाला लावला. ओठ हलले, मानेच्या शिरा ताणल्या, पण आवाज निघाला नाही. तिकडून दादा म्हणत राहिला, “हॅलो... कोण? हॅलो? छे, लाइनच खराब आहे.” आणि त्यानं फोन ठेवला.

नाना कितीतरी वेळ रिसीव्हर धरून उभे होते. मग त्यांनी पाटीवर लिहिलं, “कॉम्प्युटर चालू कर.”

तो कॉम्प्युटर दादानंच माझ्यासाठी मित्राबरोबर पाठवला होता. क्रोशाच्या रुमालाखाली तो नुसता शोभेला बसला होता. त्यावर सगळ्यांकडे असतं ते विंडोज नव्हतं, लिनक्स होतं, कारण दादा तिकडे तेच वापरायचा. फोनच्या तारेतून त्याला जगाशी बोलायला लावायचं, दादाला ईमेल धाडायची, तर मोडेम हवा, आणि लिनक्सला हात लावायला धुळ्यात कोणी तयार होईना; शेवटी एका कॉम्प्युटर क्लासनं हो म्हटलं.

“पत्र टाका ना,” मी नानांना म्हणाले होते.

त्यांनी लिहिलं, “पंधरा दिवस जायला, पंधरा यायला. बुधवारी ऑपरेशनसाठी मुंबईला निघायचं. तिथून परत येईन की नाही, कोणी सांगावं?”

“मग मी सांगते फोनवर.”

“नाही. बोललो मी. परत मीच घेणार.”

असा तो मोडेम होता.

लीलाधरनं सीपीयूचा डबा उघडला, खोक्यातून हिरवं कार्ड काढलं, आणि आई स्वयंपाकघरातून धावत आली. “थांब रे भाऊ! नवी वस्तू शे. आधी पूजा, मंग बठ्ठं काही.”

मी डोक्याला हात लावला. पण तो खरंच थांबला. आईनं कार्डाला हळद-कुंकू लावलं, उघड्या डब्यात ओल्या कुंकवाच्या अक्षता टाकल्या, डोळे मिटून हात जोडले. त्यानंही जोडले. एक-दोन दाणे आतच राहिले असतील, पण देवाच्या अक्षता आईसमोर कोण झटकणार? त्यानं हलकेच कार्ड खाचेत बसवलं, स्क्रू पिळला, यंत्र सुरू केलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावल्या. त्यानं काहीतरी टाइप केलं. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाचून सांगितलं, “मोडेम उत्तर देत नाही.”

“देईल, सर,” लीलाधर म्हणाला. “उद्या देईल.”

दुसऱ्या दिवशी दिलं नाही. तिसऱ्याही नाही. क्लास सुटला की तो यायचा, स्वेटरच्या बाह्या सारून बसायचा. कधी सेटिंग बदल, कधी कार्ड काढून त्यावरची चिमुकली टोपी एका खिळ्यावरून दुसऱ्या खिळ्यावर घाल, कधी पुण्यातल्या मित्राला फोन करून विचार. पडद्यावर तीच ओळ. नाना शेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि त्याच्या बोटांकडे बघत राहायचे.

आई चहा आणून ठेवायची. “ले रे भाऊ, बठ्ठा थंडा व्हयी गया.” आणि तो थंड चहा गरम असल्यासारखा फुंकून प्यायचा.

एका संध्याकाळी नाना आत पडायला गेले. मी माझ्या वर्गातल्या मुलांच्या गणिताच्या वह्या तपासत होते, तो पडद्यात डोकं घालून बसला होता.

“घर कुठं तुमचं?” मी विचारलं.

“पाचोऱ्याला. रेल्वेलाइनच्या अगदी कडेला. गाडी गेली की बोलणं थांबवायचं, गेली की पुढे सुरू करायचं. त्यामुळे आमच्या घरात भांडण टिकत नाही.”

“इथं गाडी नाही. इथं भांडण टिकतं.”

“पुलावर कळलं ते.”

मला हसू आलं, पण मी लाल पेनानं उगाच एक बरोबर गणित चूक केलं. “रोज येता, तुमच्या क्लासचं काय?”

“क्लासचं... चालतं. मोडेम चालू झाला की येणं बंदच होईल ना.” मग तो गोरामोरा झाला. “म्हणजे मी मुद्दाम लांबवत नाही हं! शपथ. सरांसाठी मला...”

“मी कुठं काय म्हटलं?”

तेव्हा लक्षात आलं, पहिल्या दिवसानंतर तो मला ताई म्हणाला नव्हता. नावानंही हाक मारली नव्हती. काही हवं असलं की नुसता “अहो” म्हणून थांबायचा, आणि त्या थांबण्यात माझा जीव अडकायचा. काय सांगू, मी तो “अहो” ऐकायला पाणी द्यायला उशीर करू लागले होते.

मंगळवारची संध्याकाळ आली. उद्या दुपारच्या एसटीनं मुंबई. बॅगा भरून दारात ठेवलेल्या. लीलाधरनं पुन्हा तेच केलं आणि पुन्हा तीच ओळ आली. नानांनी पाटी उचलली, काही लिहिलं नाही, आणि ती पुन्हा मांडीवर ठेवली. ते मला बघवेना.

“तुम्हाला जमत नाही, तर पहिल्याच दिवशी सांगायचं होतं!” मी फाडकन बोलले. “आशा कशाला लावली त्यांना? रोज उद्या, रोज उद्या! उद्या राहिलाय का आता?”

तो उठला. त्यानं चप्पल पायात सरकवली. तो गेला, आणि नानांनी पाटीवर दोनच शब्द लिहून माझ्यापुढे धरले. “माझीच लेक.”

रात्रभर मला झोप नाही. तो आता कशाला येतो, आणि का यावं त्यानं?

सकाळी उन्हं ओसरीवर आली तेव्हा मी सूप घेऊन प्रवासाच्या खिचडीचे तांदूळ निवडत होते. फाटक वाजलं. तो होता. डोळे तांबारलेले.

“एक गोष्ट बघायची राहिलीय,” तो म्हणाला. “बाकी सगळं मी वरून तपासलं. खाच कधी बघितलीच नाही.”

मी सूप हातात घेऊनच त्याच्या मागे गेले; नानाही आपल्या खुर्चीत येऊन बसले. त्यानं डबा उघडला, कार्ड उपसलं, बॅटरीचा उजेड त्या काळ्या खाचेत पाडला आणि खूप वेळ बघत राहिला. मग माझ्या केसातली पिन मागितली. मी दिली. त्यानं पिनेनं आतून काहीतरी अलगद उकरून तळहातावर घेतलं.

लाल. वाळलेला. तांदळाचा एक दाणा.

इतके दिवस कार्ड एका टोकाला तेवढंसं उचललेलं राहिलं होतं. तेवढ्यासाठी सगळं अडलं होतं. माझं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात आई दारात आली.

“सापडनं का? काय व्हयनं होतं रे भाऊ? मन्हं तर काही चुकनं नही ना?”

तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. नवरा ऑपरेशनला चाललेला, मुलगा सातासमुद्रापार, आणि तिच्या हातात होतं ते एवढंच, कुंकू आणि अक्षता.

लीलाधरची मूठ मिटली. “नाही अक्का. एक वायर सैल होती. माझीच चूक, पहिल्याच दिवशी बघायला हवी होती.” आणि मूठ खिशात गेली.

त्या क्षणी मी त्या माणसाची झाले. त्याला अजून पत्ता नव्हता, एवढंच.

त्यानं कार्ड दाबून बसवलं. आधी एक बारीक ‘टक’ झाला, जो यापूर्वी कधी झालाच नव्हता. यंत्र सुरू झालं, इंटरनेटचा नाशिकचा नंबर लागला, आणि डब्यातून असा काही कलकलाट उठला की आई देवाचं नाव घेत मागे सरली. किंचाळणं, खरखर, शिट्टी, पुन्हा खरखर. नाना मात्र पुढे वाकले. डोळे मिटून ऐकत राहिले. मग आवाज थांबला, पडद्यावर जोडणी झाल्याची ओळ आली, आणि नानांनी आम्हा सगळ्यांना हातानं बाहेर जायला सांगितलं.

अंगणात आम्ही दोघं. आत एका बोटाचं टाइप करणं ऐकू येत होतं. टक... टक... बराच वेळ काही नाही... टक.

“काल मी फार बोलले,” मी म्हणाले.

“खरं होतं ते.”

“खरं असलं म्हणून काय झालं? तुम्ही आईला खरं सांगितलंत का?”

त्यानं खिसा चाचपला. “तुम्ही सांगणार त्यांना?”

“मी? मरेपर्यंत नाही.”

आतली टकटक थांबली. नानांनी त्याला बोलावून जोडणी बंद करून घेतली. फोनची तार मोकळी झाली. खिचडी खाऊन झाली, आई तुळशीला पाणी घालायला वळली, आणि फोन वाजला.

मी उचलला. तिकडे रात्र होती. “नानांना दे,” दादा म्हणाला.

मी रिसीव्हर नानांच्या कानाला लावला. त्यांचे ओठ हलले, शिरा ताणल्या, आणि पुन्हा तोच नुसता वारा. पण या वेळी दादा लाइन खराब आहे म्हणाला नाही. त्याचा आवाज रिसीव्हरबाहेर आमच्यापर्यंत येत होता. “वाचलं नाना. बोलू नका. नुसता फोन धरून ठेवा... मी ऐकतोय. मी निघतोय नाना, मुंबईलाच येतो.”

नाना फोन धरून बसले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांनी हात सोडवला नाही. आईनं पदर तोंडाला लावला. लीलाधर भिंतीकडे तोंड करून उगाच स्क्रू मोजत होता.

दुपारी तो आमच्या बॅगा घेऊन स्टँडवर आला. नानांना खिडकीजवळ बसवलं, आई त्यांच्या पलीकडे. मी सर्वांत शेवटी चढणार होते. पायरीशी तो उभा राहिला आणि नेहमीसारखा म्हणाला, “अहो...” आणि थांबला.

“काय?”

“काही नाही. सरांची काळजी घ्या.”

“एवढंच?”

कंडक्टरनं घंटी दिली. तेवढ्यात खिडकीच्या गजांवर टकटक झालं. नाना पाटी धरून होते, मास्तरांच्या वळणदार अक्षरात भरलेली. आईला दिसणार नाही अशी वळवून.

“तांदूळ मी पण पाहिला. हिच्या आईला कळू दिलं नाहीस. आमची ना नाही. हिला विचार.”

लीलाधरनं वाचलं. पुन्हा वाचलं. त्याचे कान लालबुंद झाले. त्यानं खिशातून तो दाणा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला, जणू तो फुटेल.

गाडी हलली. मी दांडी धरून पायरीवर चढले. तो बरोबर चालू लागला, मग पळू लागला.

“हेमलता!” त्यानं हाक मारली. पहिल्यांदाच, नावानं, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशी.

“हो!” मी म्हणाले.

त्यानं अजून काही विचारलंच नव्हतं.