टाकीवरचं प्लास्टिक

आईच्या मागे घरात दोनच गोष्टी उरल्या होत्या: तिचं कुंडीतलं एक नाजूक झाड, आणि ताई-धाकट्याची भांडणं. थंडीत झाडाला ऊन पुरेना, म्हणून धाकट्याने माशांची जुनी काचेची टाकी घासूनपुसून त्यात कुंडी ठेवली आणि वर झाडांसाठी मिळतो तो दिवा टांगला. मोटारींचं वाइंडिंग करणारा माणूस. असल्या खटपटीत त्याचा हात कोणी धरू शकत नसे. पण ताईने पहिल्यांदाच पाणी फवारलं, थेंब दिव्यात उडाले आणि फ्यूज गेला.

"तुला एक काम धड जमत नाही," तो म्हणाला आणि टाकीवर पारदर्शक प्लास्टिकची जाड शीट झाकण म्हणून टाकली. दिवा वर, झाड खाली. "आतून वाफ धरेल. ती पुसायची नाही. थेंब कोंबावर पडले की कोंब कुजतो."

झाडाला तीन कोंब होते. बघता बघता दोन कुजले.

ताई कामावरून येऊन बघायची, तर शीटच्या आतल्या बाजूला वाफेत तळहाताएवढा रुंद पट्टा स्वच्छ पुसलेला. तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"मला अक्कल शिकवतोस आणि स्वतः पुसतोस?"

"पुसतेस तू, आणि वर तोंड करून मलाच विचारतेस?"

आईचं शेवटचं झाड हा मुद्दाम मारतोय, असं तिला वाटलं आणि त्याचा तिला भयंकर राग आला. ताई पार्सल ऑफिसात होती. तिने शीटच्या चारही कडा रुंद चिकटपट्टीने टाकीला जखडल्या आणि ऑफिसात पार्सलच्या सीलवर करते तशी, अर्धी पट्टीवर, अर्धी काचेवर, जागोजाग सही ठोकली. आता कर म्हणावं लबाडी.

दुसऱ्या संध्याकाळी एकही सही तुटली नव्हती. पट्टा पुसलेला होता. त्याच्या कडेला बोटांच्या चार रेघा होत्या.

सही तिचीच होती. तिने दोनदा निरखून पाहिली. शेवटच्या कोंबाचा देठ काळा पडू लागला होता.

"बघितलंस?" धाकटा मागून म्हणाला. "पट्टी तुझी, सही तुझी. आता कोणाचं नाव घेणार आहेस?"

"दिवा वर धर, शीटच्या आड येतोय," ती ओरडली. "काढून फेकते हे."

त्याने दिवा दोन्ही हातांनी उचलून धरला. तिने चिकटपट्टी टराटरा फाडली आणि शीट दोन्ही कडांना धरून टाकीवरच उभी केली. मध्ये पांढरी वाफ; मघाचा पट्टाही पुन्हा धूसर झाला होता. पलीकडे तो नुसता सावलीसारखा दिसत होता.

मग त्याचं कपाळ दिसलं.

मग डोळे.

"ताई, आता तरी पुसू नकोस," तो दात खाऊन म्हणाला. "कोंबावर पडतंय."

तिने आपल्या हातांकडे पाहिलं. दोन्ही कडांवर होते.

त्याचे दिव्यावर होते.

त्याची हनुवटी दिसली. पट्टा सावकाश खाली सरकत होता आणि शीटच्या कडेवरून पाणी कोंबावर गळत होतं.