लागला तर एक, विझला तर दोन

सिग्नल हिरवा झाला आणि नेमका तेव्हाच माझ्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला. घाबरून मी इंजिन बंद केलं. मागच्या गाडीवाल्याने हॉर्नवरचा हात काही उचलला नाही.

रोज सकाळी देवापुढे मी ठरवते, आज कुणावर चिडायचं नाही. त्या दिवशीचा नेम तिथेच मोडला.

खाली उतरून मी विचारलं, "उडून जाऊ का?"

"काय? ऐकू नाही आलं."

माझा आवाज मुळातच लहान. तो उतरून आला, माझ्या गाडीत डोकावला, दिवा पाहिला आणि एकदम मवाळ झाला. "पुढच्याच गल्लीत माझं गॅरेज आहे. गाड्यांचं वायरिंग करतो मी. चला, ढकलू."

त्याने ऑइलचं प्रेशर मोजलं, ते ठीक होतं. म्हणून दिवा लावणारा सेन्सर बदलला. आठवड्यात दिवा पुन्हा हजर. त्याने दुसरा बसवला... दिवा तिसऱ्यांदा हजर.

"या," मला बघून तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडते, हे मला माहीत असायचं काही कारण नव्हतं.

"आता इथेच हजेरी लावते रोज," मी म्हटलं. "गाडी मामाची आहे. आज दिवा गेला नाही तर उद्या तो ती विकून टाकणार आहे. मी घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचे व्यायाम घेते. गाडी गेली की माझं काम गेलं."

आणि या गॅरेजमध्ये येणंही गेलं... पण हे मी बोलले नाही.

त्याने खोक्यातून तिसरा सेन्सर काढला. माझी सहनशक्ती संपली.

"गुडघा दुखला की तुम्ही दर वेळी गुडघाच बदलता का?"

"मॅडम, हा सेन्सर–"

"दोन झाले. दुखणं दुसरीकडे असेल ना. मी ज्यांचा व्यायाम घेते त्या आजीबाई बसल्या जागी म्हणतात, काही दुखत नाही. पाय हलवला की कळवळतात. वायर हलवून बघा."

त्याने सेन्सर परत खोक्यात टाकला. "हे मला सुचायला हवं होतं."

"हवंच होतं."

"हल्ली कामात लक्ष लागत नाही हो."

"का बरं?"

उत्तराऐवजी त्याने बॉनेट उघडलं आणि त्याच्याआड गडप झाला.

मी आत बसून इंजिन सुरू केलं. तो वायर चाचपू लागला.

"दिवा?"

"लागला."

"काय?"

"लागला हो... गेला."

"काय ते नक्की सांगा की!" शेवटी तोच वैतागला. "लागला तर एक हॉर्न, विझला तर दोन."

पों. पों पों. पों.

"सापडली! लोखंडी पट्टीखाली घासून वायर उघडी पडलीय. इंजिन थरथरलं की लोखंडाला टेकते आणि दिवा लागतो."

त्याने टेप गुंडाळली, वायर पट्टीपासून दूर बांधली, पुन्हा गदागदा हलवली. दिवा लागला नाही. मी दोन हॉर्न दिले. गाडी वाचली, काम वाचलं, आणि मला मात्र रडू का येत होतं कोण जाणे.

बॉनेट अजून उघडंच.

"झालं ना? मग बंद करा ते."

"थांबा जरा. समोरासमोर बोलायला जमणार नाही मला." तो ओरडूनच बोलत होता. "आता दिवा लागणार नाही. मग तुम्ही कशाला याल? म्हणजे... गाडी न बिघडताही आलात, तर मला आवडेल. नुसतं येणंच आवडेल असं नाही... तुम्ही..."

"वाक्य पूर्ण करा हो."

"काय?"

"मलाही तुम्ही आवडता," मी म्हटलं.

"काय? इंजिन चालू आहे, ऐकू येत नाही!"

देवा! आयुष्यात एकदा म्हणायचं वाक्य, ते मी दुसऱ्यांदा म्हटलं.

"काय?"

मी हॉर्नवर तळवा ठेवला आणि उचललाच नाही. समोरचा शिंपी कात्री हातात घेऊन दारात आला. बॉनेट हळूहळू खाली आलं. त्यामागून नाकाला ग्रीस लागलेला चेहरा उगवला, खळीसकट.

मी इंजिन बंद केलं.

"हा एक होता की दोन?" त्याने विचारलं.

"मोजत बसा," मी म्हटलं.

हे मात्र त्याला बरोबर ऐकू आलं.