बंद घरातल्या बाईची ओटी

चतुःशृंगीच्या पायऱ्या चढताना मी नवस बोलले होते, त्याला आता सहा वर्षं झाली. देवी, आम्हाला आमचं स्वतःचं घर दे. त्या घरात माझ्या आधी जी बाई नांदली असेल, तिची ओटी मी आधी भरीन, मगच माझी चूल मांडीन. कोऱ्या घराचे योग आमच्या नशिबात नाहीत, मिळेल ते कुणाचं तरी वापरलेलं मिळेल, हे मला ठाऊक होतं. त्या बाईने तिथे दिवे लावलेले असतात, पोळ्या लाटलेल्या असतात. तिच्या जागी जाऊन बसायचं, तर तिला आधी विचारायला नको?

तुम्ही घर शोधताय म्हणून हे सांगते. लाइट येईपर्यंत वेळ आहेच. समईचा उजेड पुरे.

एकोणीस वर्षांत आम्ही भाड्याची चौदा घरं बदलली. अकरा महिने झाले की मालकाचा मुलगा परदेशातून येणार असायचा. आमचे हे मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर आहेत. ते म्हणायचे, "ललिता, तू देव्हारा चाकांवर करून घे." बिबवेवाडीच्या मालकांनी मार्गशीर्ष संपायच्या आत जागा मोकळी करायला सांगितली, तेव्हा मात्र मी ठरवलं, आता उठायचं ते शेवटचं.

समाधान नावाचा एजंट होता, बोलायला गोड. त्याने आधी हडपसरला नेलं.

"पाण्याचं काय?" मी विचारलं.

"टँकर येतो ना, काकू."

"आणि नाही आला तर?"

"तर स्विमिंग पूल आहे," तो म्हणाला.

मग कात्रज. डोंगराच्या अंगाची जुनी पाच मजली सोसायटी, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मुलगा कॅनडात, आई वारलेली, घर दोन वर्षं बंद. दुपारचे चार वाजले असतील. जिन्यात फोडणीचा वास होता, खाली कुणीतरी गाडी धूत होतं. समाधान खिशात किल्ली चाचपत होता आणि मी सवयीने बेल दाबली.

"आत कोण आहे, काकू?" तो हसला.

बेल वाजली. नेहमीची, पक्ष्यासारखी शीळ घालणारी. ती थांबली आणि आतून पावलं आली. अनवाणी, जरा ओढत टाकलेली, घाईची. दाराच्या पलीकडे थबकली. मग एक बारीकसा आवाज, काचेवर नखाचं टोक लागावं तसा... टक्. आणि पुढे काही नाही.

समाधानचं हसू तसंच राहिलं होतं, फक्त डोळे हसत नव्हते. त्याने कुलूप उघडलं, दार ढकललं आणि म्हणाला, "तुम्ही बघून या. माझ्या फोनला आत रेंज नसते."

आत कुणी नव्हतं. बंद घराचा कोंदट वास, त्यात खोबरेल तेलाचा. मी बटण दाबलं, दिवा लागला नाही.

"लाइट तोडलीय, काकू," तो बाहेरून म्हणाला. "मीटरच काढून नेलाय दोन वर्षांपूर्वी."

"मग बेल कशी वाजली?"

तो फोनमध्ये बघत राहिला.

दाराजवळच बेसिन होतं आणि वर आरसा. आरशावर टिकल्या चिकटवलेल्या होत्या. आपण सगळ्याच लावतो, तोंड धुताना काढून. पण या ओळीने होत्या, वरपासून खालपर्यंत, शेकडो, कडक झालेल्या, धुळीने करड्या पडलेल्या. माझं तोंड त्यांच्यातून तुकड्यातुकड्याने दिसत होतं. सगळ्यात खालच्या ओळीत शेवटची टिकली तेवढी लाल होती. तिच्यावर धूळ नव्हती. मी तिला बोट लावलं.

ती कोमट होती. कपाळावरून आत्ताच उतरवल्यासारखी.

मी ओरडले नाही. स्वयंपाकघर पाहिलं, पूर्वेची खिडकी पाहिली, देव्हारा कुठे बसेल ते पाहिलं. मग बाहेर आले. समाधान केव्हाच खाली जाऊन उभा राहिला होता. समोरचं दार किलकिलं झालं आणि चाळिशीची एक बाई हळूच म्हणाली, "बेल तुम्ही वाजवलीत का हो?"

"हो. का?"

"आम्ही कुणी वाजवत नाही ती." तिने मला आत घेतलं, पाणी दिलं. तिचं नाव चैताली. सांगताना ती पदराच्या टोकाला पीळ घालत होती.

तिथे शकूताई राहायच्या. ऐन तिशीत नवरा गेलेला. मुलगा मोठा केला, परदेशी धाडला. घरात एकट्या असल्या की कपाळाला टिकली लावायच्या, हे कुणाला माहीत नव्हतं. बेल वाजली की दाराशी येऊन टिकली काढायच्या, आरशाला लावायच्या, मग उघडायच्या.

"तुम्हाला कसं कळलं?"

"संक्रांतीचं हळदीकुंकू होतं माझ्याकडे. मी मजल्यावर बोलावणी करत होते. त्यांच्याकडे करायचं नव्हतंच, कसं करणार... पण बोलता बोलता चुकून बेल दाबली. त्यांना वाटलं असेल, मुलाचं पार्सल आलं. घाईत तशाच आल्या. टिकली कपाळावर. माझ्या मागे चौघी उभ्या होत्या. कुणीतरी फिसकन हसलं."

"आणि तुम्ही?"

चैतालीने पदराचा पीळ घट्ट केला. "...मीही," म्हणाली. "नंतर त्यांनी दार उघडलंच नाही कधी. बेल वाजवली की पावलं यायची, तो टक् आवाज व्हायचा आणि मग शांत. उन्हाळ्यात पावलंही येईनाशी झाली. चार दिवसांनी दार फोडलं. त्यानंतर... पावलं परत येऊ लागली. सात कुटुंबं बघून गेली घर. तुम्ही नका घेऊ, ताई."

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "चांगलं आहे. जन्मभर आपण भाडेकरू, आता आपल्याला एक मिळाली." मग माझ्याकडे बघून गंभीर झाले. "दुसरं बघू गं."

"चौदा जणांनी मला घरातून उठवलं," मी म्हटलं. "सगळे धडधाकट जिवंत होते. या बाईने एकदाही जा म्हटलेलं नाही."

घर घेतलं. किल्ली हातात आली आणि नवसाचा प्रश्न उभा राहिला. चैताली म्हणाली, "ओटी सवाष्णीची भरतात हो. त्या विधवा, त्यातून गेलेल्या. देवीला कोपायला कारण देऊ नका." वास्तुशांतीच्या गुरुजींनीही तेच सांगितलं, कुठल्याही देवीच्या देवळात जाऊन भरून टाका म्हणाले. हेसुद्धा म्हणाले, अट पाळल्यासारखं होईल, देऊळही जवळ आहे.

मी आयुष्यात उलट उत्तर फारसं कुणाला दिलेलं नाही. तेव्हा दिलं. "नवस बोलताना मी देवीला म्हटलं होतं, त्या घरातली बाई. सवाष्ण असली तर, असं म्हटलं नव्हतं. देवीने ऐकलं आणि घर दिलं. आता मी मागाहून अटी घालू? घर सुटलं तर सुटू दे. ओटी तिचीच."

मार्गशीर्षातला शुक्रवार. दुपारी चारला मी ताट घेऊन तिसरा मजला चढले. हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, हळदीकुंकवाचा करंडा. हे एक पायरी खाली थांबले. जिन्यात त्या दिवशी कुठल्याच घरातून आवाज नव्हता. किल्ली माझ्या कमरेला होती, पण आपण कुणाकडे जातो तेव्हा कुलूप काढून घुसतो का?

मी बेल दाबली.

शीळ वाजली. पावलं निघाली, आतल्या खोलीतून, घाईघाईने, ओढत. ती दाराजवळ थबकली, तेव्हा मी दाराला तोंड लावून म्हणाले, "शकूताई, टिकली काढू नका. मी ललिता. आज तुमच्याकडेच आलेय. चुकून नाही."

टक् झालं नाही.

किती वेळ गेला सांगता येत नाही. "ललिता... चल," हे मागून पुटपुटले. मी हलले नाही. मग आतून कडी सरकली. कुलूप बाहेरून लावलेलं होतं हो. तसंच लोंबत होतं. तरी दार हातभर आत गेलं, कुलपासकट, कोयंड्यासकट.

दाराच्या फटीत अंधार होता. तेलाचा वास आला. मी करंड्यात बोट बुडवलं, हळद घेतली आणि कपाळ असावं त्या उंचीवर हात नेला. भीती वाटत होती. तरी नेला. बोट टेकलं. थंड होतं, ओलसर, आणि खाली झुकलेलं, जसं आपण कुंकू लावून घेताना झुकतो. कुंकू लावलं. मग खण-नारळ पुढे केला आणि ओंजळीने तांदूळ घातले. एकही दाणा जमिनीवर पडल्याचा आवाज आला नाही.

"आता आम्ही राहू का इथे?" मी विचारलं.

माझ्या पदरात काहीतरी पडलं. ओटी भरून झाली की चार दाणे भरणारीला परत देतात, तसे चार तांदूळ. हळदीने ओले.

त्याला आता पाच वर्षं झाली. बेल वाजली की मीच उठते, दुसरं कुणी येत नाही. आरसा तसाच ठेवलाय. पुढच्या संक्रांतीला चैताली स्वतः आली, माझ्या उंबऱ्यावर हळदीकुंकू आणि वाण ठेवून खूप वेळ डोकं टेकून बसली. सोसायटीतलं बोलावणं आता सगळ्यांना जातं, सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. ज्यांना आवडत नाही त्यांनी येऊ नये, असं मी गच्चीवरच्या मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं.

गेल्या महिन्यात मात्र एक झालं. पाचव्या मजल्यावरचा एक फ्लॅट कधी विकलाच गेलेला नाही. त्याच्या फरशीवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही, कुणीही, कधीही तिथे राहिलेलं नाही. पापड वाळवायला गच्चीवर जाताना मी त्याची बेल दाबून पाहिली.

पावलं आली. एकीची नव्हती. पुष्कळ जणी होत्या, एकीमागून एक येऊन दाराशी उभ्या राहत होत्या, आणि येतच होत्या... मी जिन्यात बसून मोजायला लागले आणि अंधारून आलं तरी मोजून झालं नाही.

कधी कुणी ओटीला बोलावलंच नाही, अशाच असतील त्या सगळ्या. मी पुन्हा जाणार आहे. नारळ किती न्यायचे तेवढं फक्त कळत नाहीये.

तर तुम्हाला एवढंच मागते. घर बघायला जाल तेव्हा एजंटला किल्ली लावू देऊ नका. आधी बेल वाजवा. थांबा. आणि कुणी आलं, तर पळू नका, नाव सांगा आपलं.