मार्तंडरावांच्या गाडीचं दार

शेकोटीत एक ओंडका सारा आणि जवळ येऊन बसा. ही गोष्ट आपल्या दतिया गेट मोहल्ल्यातल्या विद्याधरची. तुम्ही लहान होता, तुम्हाला आठवणार नाही. रेल्वेच्या कारखान्यात तो वायरमन होता, आणि सुटी मिळेल तेव्हा लोकांच्या मोटारींचं बिजलीचं काम करायचा. अबोल माणूस. त्याने आयुष्यात ही हकिगत दोनदाच सांगितली, आणि दोन्ही वेळा शब्दाला शब्द तीच.

सन एक्क्याण्णव, जानेवारीची बारा तारीख, शनिवार. दुपारी त्याला सिव्हिल लाइन्समधून निरोप आला. तिथे मार्तंडराव राहायचे. त्यांच्याकडे दोनच सीटांची, कापडी टपाची जुनी विलायती स्पोर्ट्स कार होती. कुण्या राजघराण्यानं विकायला काढलेली, ती यांनी हौसेनं घेऊन नीट केली होती. चार महिन्यांपूर्वी एरच गावाच्या रस्त्यावर एका वळणावर त्यांच्या बाजूचं दार धावत्या गाडीत उघडलं आणि ते बाहेर फेकले गेले. जागीच गेले. गाडी मात्र शेतात शिरून आपोआप थांबली, ओरखडासुद्धा नाही. जुनी गाडी, जुनं दार, असं म्हणून सगळे गप्प बसले.

निरोप धाकट्या भावाचा, श्रीकृष्णचा होता. रविवारी सकाळी ग्वाल्हेरचं गिऱ्हाईक यायचं होतं, त्याआधी गाडीतल्या बारीकसारीक खोड्या काढायच्या होत्या. हॉर्न मध्येच वाजे. आतला छोटा दिवा रोज संध्याकाळी आपोआप लागे. आणि चालवणाऱ्याच्या बाजूचं दार धरत नव्हतं. नवं लॅच, म्हणजे दाराचा खटका, कानपूरहून येऊन पडलं होतं. डावं दार तर गंजून असं बसलं होतं की ते हलेनाच. ते गिऱ्हाईकानं बघावं, असं ठरलं.

“विद्याधर भैया, जुनं लॅच फेकू नका,” श्रीकृष्ण जाता जाता म्हणाला. “माझ्या हातात द्या.”

मोडक्या लोखंडाचं याला काय करायचंय, असं विद्याधरच्या मनात आलं.

त्याने आधी बॅटरी काढून बाकावर ठेवली. वायरिंगला हात लावायचा तर तसंच करतात. हॉर्नची वायर एका जागी सोलली होती, ती पट्टीनं बांधली. दिव्याचं बटण तपासलं. ठणठणीत. मग संध्याकाळी तो लागतो कसा? त्याला वाटलं, घरातलंच कुणीतरी लावत असणार. गिऱ्हाईक पळावं म्हणून.

साडेसहाच्या सुमारास मार्तंडरावांच्या पत्नी, सुहासिनीबाई, चहा घेऊन गराजमध्ये आल्या. गाडीकडे त्यांनी पाहिलं नाही. कप ठेवला आणि तिथेच उभ्या राहिल्या. त्याने सहज विचारलं, दार आधीपासूनच सैल होतं का?

“नाही,” त्या म्हणाल्या. “आदल्या दिवशीच ह्यांनी तेल घालून चार वेळा लावून पाहिलं होतं. मी इथंच उभी होते.”

एवढं बोलून त्या आत गेल्या.

विद्याधरने चहा तसाच ठेवला. दाराचे चार स्क्रू काढले, जुनं लॅच हातात घेतलं आणि गराजच्या बल्बखाली नेलं. लॅचची जीभ झिजली नव्हती. झीज गुळगुळीत असते. हिच्यावर आडव्या रेघा होत्या, ताज्या, एका मापाच्या. कानशीच्या. कुणीतरी बसून, सावकाश, निम्मी जीभ घासली होती. दार लागल्यासारखं वाटावं आणि वळणावर सुटावं, इतकीच.

त्याने लॅच बंडीच्या आतल्या खिशात टाकलं आणि नवं बसवायला घेतलं. आता त्याला एकच हवं होतं, काम उरकून बाहेर पडायचं.

सात चाळीसला लाईट गेली. बाहेर धुकं दाटलं होतं. श्रीकृष्ण कंदील घेऊन आला.

“झालं?”

“झालं.”

“जुनं लॅच?”

“अंधारात कुठं पडलं कोण जाणे. सकाळी शोधू.”

श्रीकृष्णने कंदील उचलून त्याच्या तोंडासमोर धरला. बराच वेळ धरला. मग खाली ठेवला, आणि दार बघतो म्हणत गाडीत जाऊन बसला. काचा वर होत्या. त्याने दार ओढलं.

खट्.

छान लागलं. त्याने आतून मूठ फिरवली. दार उघडेना. पुन्हा फिरवली. खांदा लावला. विद्याधरने बाहेरून ओढलं. नवं लॅच, स्वतःच्या हातानं बसवलेलं… हलेना.

आणि आतला दिवा लागला.

विद्याधरने बाकाकडे पाहिलं. बॅटरी बाकावरच होती. दोन्ही वायरी मोकळ्या.

आत श्रीकृष्णने मूठ सोडली. त्याने मान डावीकडे वळवली. हळूहळू. रिकाम्या सीटकडे. मग तो तसाच राहिला… दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर घट्ट.

काच धुरकट होत गेली.

विद्याधर दोन पावलं मागे सरला. आतून आवाज येत होता, एकट्या श्रीकृष्णचाच. थोडं बोलायचा. थांबायचा. कुणी काही विचारल्यासारखा. मग उत्तर द्यायचा.

“हो…”

“…आदल्या रात्री.”

“…नाही. वहिनीला नाही माहीत.”



“सांगतो, दादा.”

दार उघडलं. कुणी हात न लावता. दिवा विझला.

श्रीकृष्ण बाहेर आला. विद्याधरकडे न बघता सरळ घरात गेला. पुढचं विद्याधरने अंगणातूनच ऐकलं. तो वहिनीच्या पायांशी बसून पहिल्यापासून सगळं सांगत होता; घर आणि जमीन एकट्याच्या नावावर व्हावी म्हणून काय केलं ते. बाई रडल्या नाहीत. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “ऊठ. ठाण्यात चल. मी येते बरोबर.” दोघं धुक्यातून पायीच गेले. ते लॅच विद्याधरने दुसऱ्या दिवशी फौजदाराच्या टेबलावर ठेवलं. श्रीकृष्णला शिक्षा झाली, आणि त्याने ती कमी व्हावी म्हणून अर्जसुद्धा केला नाही.

पण त्या रात्री ते दोघं गेल्यावर विद्याधर हत्यारं गोळा करायला गराजमध्ये परतला होता. त्याने कंदील उचलला. गाडीची पुढची काच आतून वाफेनं पांढरी झाली होती. श्रीकृष्णच्या समोर पांढरी, अखंड.

डावीकडे, रिकाम्या सीटच्या समोर, तळहाताएवढी जागा पुसलेली होती. आतून. बाहेर बघायला पुसतात तशी. चार बोटांच्या रेघा स्पष्ट.

डावं दार जाम होतं. गंज तसाच होता.

सुहासिनीबाईंनी गाडी विकली नाही. ती काच विद्याधरने व्हिनेगरनं धुतली, स्पिरिटनं धुतली. अजूनही कडक थंडीत ती सगळी धुरकटते…

तेवढी जागा सोडून.