विमानाने सव्वा तास

पुणे ते नागपूर विमानाने किती लांब, हे मी निघायच्या आठवडाभर आधीपासून मोबाइलवर रोज बघत होते. अंतर काही बदलणार नव्हतं. सहाशेच्या वर किलोमीटर, सव्वा तास. पण आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन पहिल्यांदा निघालेल्या बाईला तेच तेच बघून धीर येतो. बी.एड. झालंय माझं, तरी बाळाच्या एका शिंकेला दोन डॉक्टर गाठते.

नवऱ्याला, प्रफुलला, सुट्टी नव्हती. दिव्यानीला घेऊन मी एकटीच सासरी निघाले, गोंडपिपरीच्या पुढे, वैनगंगेच्या अलीकडच्या गावाला. सासूबाईंचा, रुखमाबाईंचा, फोनवर एकच धोशा होता, रेल्वेनं ये. त्यांच्याकडे लेकराला पहिल्यांदा नदीपार नेताना आई त्याचं नाव घेऊन हाक मारते, वाटेतल्या प्रत्येक नदीवर. नाहीतर त्याचा जीव मागच्या काठावरच राहतो म्हणतात.

"विमानात नद्या कुठी दिसन तुले?" त्यांनी विचारलं होतं. मी हसले होते.

खाली सगळे ढगच. दिव्यानी झोपली ती नागपूरलाच उठली. रडली नाही.

गावातही रडली नाही. हसलीही नाही. दूध प्यायची ते पाहुण्यासारखं, दिलं तेवढंच. हाक मारली की माझ्या खांद्यावरून मागे बघायची, आपल्याला नाहीच बोलावलं अशी. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी वजन केलं, छाती तपासली, ठणठणीत म्हणाले.

"पोरगी पोचली," सासूबाई म्हणाल्या. "जीव पायी येऊन राह्यला. महिनाक लागन त्याले. वाट पाहा."

वाट पाहणं मला कधी जमलंय? सासूबाई शेतात गेल्या तशी भर दुपारी मी तिला ओढणीनं छातीशी बांधलं आणि वैनगंगेवर गेले. काठावर कोणी नव्हतं. तापलेल्या वाळूचा आणि शेवाळाचा वास. पाणी वाहताना दिसत होतं, पण आवाज येत नव्हता.

मी हाक मारली. काहीच नाही. मग मला चीड आली. नदीची, विमानाची, माझीच.

"माझी आहे ती," मी ओरडले. "आत्ताच्या आत्ता पाठव."

पलीकडच्या जंगलातून बारीकसा हुंकार आला... लहान बाळ देतं तसा. छातीशी दिव्यानी दचकली आणि खुदकन हसली.

घरी सासूबाईंनी हसणाऱ्या नातीचे मुके घेतले. माझं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, हुंकार कोन्या काठावरून आला? मी म्हटलं, पलीकडून.

"पुनं त इकडं हाय, रंजीता... मावळतीले. हे नदी तू ओलांडलीच कुठी?"

त्यानंतर सासूबाई नातीला घ्यायच्या, खेळवायच्या, पण तिच्या डोळ्यांत बघायच्या नाहीत.

महिना होत आला होता. दुपारी मी पुढच्या खोलीत दिव्यानीला मांडीवर घेऊन बसले होते. चंद्रपूरच्या रस्त्याकडून रडणं ऐकू आलं. थकलेलं, लांबून चालत आलेलं. गल्लीतली कुत्री गप्प झाली. रडणं दाराशी येऊन थांबलं. ते मी लगेच ओळखलं. पुण्यात आठ महिने त्यानंच मला झोपू दिलं नव्हतं.

सासूबाई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"उघडू नोको... एक आत हाय, एक बाहेर. एकच ठेवता येते."

"कोणी सांगितलं?" मी तिला कडेवर घेऊन उठले. "सरका, आई. आतली माझं दूध पिते. बाहेरची माझ्यासाठी एवढं चालत आली. दोघी माझ्या."

कडी मीच काढली. बाहेर नुसतं ऊन. रडणं थांबलं होतं.

दार उघडंच ठेवून मी परत येऊन बसले. मांडीवरची दिव्यानी दाराकडे बघत होती. मग ती जराशी एका बाजूला सरकली. कोणाला तरी जागा करून दिल्यासारखी.