कस्तुरीची दाढ

मिरजेत दाढ धरून बसलेला माणूस दिसेनासा झाला, त्याला एक पिढी उलटून गेली होती. बाळाला पहिला दात आला की हिरडीवर शमनपट्टी बसवायची, हे लस टोचण्याइतकं सवयीचं झालं होतं. केसाहून पातळ अशा त्या पट्टीत कॅनाबिडिऑल भरलेलं असे. हे द्रव्य भांगेच्या झाडातलंच, पण नशा न आणणारं. तोंडात कुठेही दाह सुरू झाला की पट्टीतून ते पाझरू लागे. सूज ओसरे आणि ठणका मेंदूपर्यंत पोचतच नसे.

ही पट्टी शोधून काढणाऱ्या डॉ. सुमेधा कारखानीस यांच्यासमोर प्रणिता लोखंडे आपल्या लहानग्या कस्तुरीला घेऊन बसली होती. प्रणिताचे शब्द अडखळत येत. तिच्या जिभेच्या कडेला कर्करोगाचा व्रण झाला होता, पण पट्टीमुळे तो दुखलाच नाही. कळला तेव्हा अर्धी जीभ काढावी लागली होती.

"हिची पट्टी काढा, मॅडम."

"अगं, तिची मागची दाढ येतेय. हिरडी सुजलीय. आत्ता काढली तर ठणकेल."

"ठणकू दे."

"ठणका म्हणजे काय, ठाऊक तरी आहे का तुला? लहानपणी मी रात्रभर रडलेय. त्यापायीच तर हे सगळं केलं. दर सहा महिन्यांनी आण हिला, मी स्वतः तपासेन."

"मलाही दर सहा महिन्यांनी तपासत होते," प्रणिता म्हणाली. "मधल्या काळातच झालं ते."

सुमेधाताईंनी कस्तुरीला तपासणीच्या खुर्चीत बसवलं. त्यांनी हलक्या हाताने पट्टी सोडवली.

कस्तुरी खुर्चीत पाय हलवत बसली होती. हळूहळू पाय थांबले. तिने गालाला हात लावला.

"आई, माझ्या तोंडात कुणीतरी आहे!"

आणि ती किंचाळून रडू लागली. सुमेधाताई नवी पट्टी घेऊन धावल्या, पण प्रणिताने त्यांचा हात धरला.

"थांबा! दुखतंय ना तिला? म्हणजे आता काही झालं तर कळेल ना?"

तिच्या चेहऱ्यावर हसू फुटलं होतं. बोट कापल्याची कळ तिला माहीत होती. पण दाढेची ही कळ तिने जन्मात सोसली नव्हती. लेकीला जवळ घ्यावं, हेही तिला सुचलं नाही.

कस्तुरीने आईचं ते हसू पाहिलं आणि ती डॉक्टरांच्या कुशीत शिरली.