उंबरदिवा

कोल्हापुरात आता उंबरदिवा म्हटलं की कुणी पदर तोंडाला लावत नाही. मंडईत मेथीची जुडी निवडता निवडता बायका एकमेकींना विचारतात, "झाला का गं तुझा दिवा?" आणि ज्या घरची सून दवाखान्यात दिवा घ्यायला जाते, त्या घरची सासू दाराच्या उंबऱ्याला हळदकुंकू लावून तिन्हीसांजेला निरांजन ठेवते. शास्त्र असेना का केवढंही मोठं. आपली माणसं त्याला देवघरातून फिरवून आणल्याशिवाय घरात घेत नाहीत.

केतकीच्या सासूनंही निरांजन ठेवलं होतं. सासू म्हणजे तिची सख्खी आत्या. मामाची मुलगी घरात आणायची, हा या घराण्याचा रिवाज. केतकी पाळण्यात होती तेव्हाच आत्यानं तिला कुंकू लावून "ही माझ्या धैर्याची" म्हणून टाकलं होतं. पुढे शिकल्यासवरल्यावर केतकीला कुणी कुणी डिवचलंही, पण तिनं कधी नाक मुरडलं नाही. धैर्यशीलनंच तिला पंचगंगेत पोहायला शिकवलं होतं, त्याच्याच पाठीवर बसून ती जत्रा फिरली होती. त्याच्यावाचून दुसरा कुणी मनात यायला जागाच नव्हती. चारचौघांत ती त्याला 'अहो' म्हणे आणि दार लावलं की 'धैर्या'.

दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा चौथ्या महिन्यात गर्भ पडला. त्यानंतर काहीच नाही. आत्या तोंडानं चकार शब्द बोलत नसे, पण माळ्यावरचा पाळणा दर दिवाळीला काढून पुसून ठेवी. तेच केतकीला जास्त लागायचं.

डॉक्टर निवेदिता सरंजामे यांनी पहिल्याच भेटीत दोघांना समोर बसवून समजावलं होतं. "गर्भाशयाचं तोंड म्हणजे नुसतं भोक नव्हे. मी त्याला उंबरठा म्हणते. महिन्यातले बरेच दिवस तिथला स्राव घट्ट, चिकट, दार बंद. अंडं तयार व्हायच्या सुमाराला तोच स्राव पातळ होतो, बोटांत धरला तर तार धरतो. मग पुरुषबीजांना वाट मिळते. ती तिथं येतात, विसावतात. लंगडीलुळी मागे राहतात."

"म्हणजे चेकनाका म्हणा की," धैर्यशील म्हणाला.

"नाका कशाला? ओट्यावरची म्हातारी म्हणा. आल्यागेल्याला 'कुणाचा रे तू?' म्हणून विचारणारी." डॉक्टर हसल्या. "हिची म्हातारी मुळातच पेंगुळलेली होती. दोनदा पिशवी धुतल्यावर तर तिथल्या ग्रंथी पार सुकल्या. आपण तिला उजेड दाखवून जागी करू."

उजेड म्हणजे हाच उंबरदिवा, बोटाएवढी काचेची कांडी आणि तिच्यात तांबडा प्रकाश. पेशीपेशीत एक बारीक चूल असते, ती या प्रकाशानं फुंकर घातल्यासारखी धरते आणि सुकलेल्या ग्रंथी पुन्हा पाझरू लागतात. दुखत नाही, खुपत नाही. दिवा सुरू झाल्याच्या पुढच्या महिन्यात केतकीनं न्हाणीघरात ती तार स्वतःच्या बोटांवर पाहिली, लख्ख, पाण्यासारखी, आणि एकटीच खुदकन हसली. किती वर्षांनी तिला आपल्या अंगाचं कौतुक वाटलं होतं!

मग आली भेटकाच, बीज उंबरठा ओलांडतं का ते बघायची तपासणी. एका काचपट्टीवर मधोमध बाईच्या स्रावाचा थेंब. एका बाजूला नवऱ्याच्या बीजाचा, दुसऱ्या बाजूला वीर्यबँकेतल्या कुणा अनोळखी पुरुषाचा, निव्वळ तुलनेसाठी. डॉक्टर एरवी ती आधी एकट्या बघत आणि मग रुग्णाला बोलावत. पण केतकीचा स्राव पाहून त्या इतक्या हरखल्या होत्या, की काच लावली आणि दोघांना बोलावून भिंतीवरचा पडदाच सुरू केला.

"बघा, बघा, काय वाट उघडलीय!"

डाव्या बाजूनं बीजांची रांगच्या रांग थेंबात शिरत होती. केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ही माझी?" धैर्यशीलनं विचारलं.

डॉक्टरांचं बोट हवेतच थांबलं.

धैर्यशील दूधसंघात नोकरीला होता. गावोगाव फिरून म्हशींना कृत्रिम रेतन करायचं, हे त्याचं काम. असल्या काचा तो रोज सकाळी बघे. त्यानं उजवीकडे पाहिलं. तिथं बीजं थेंबाच्या काठाशी येऊन अडली होती आणि जागच्या जागी थरथरत होती.

"मेलेली न्हाईत ही," तो हळूच म्हणाला. "चांगली दणकट आहेत."

"दणकटच आहेत. तुमच्यात काही दोष नाही." डॉक्टरांनी पडदा बंद केला, पण आता त्याचा काय उपयोग? "प्रत्येकाच्या शरीरात त्याच्या कुळीच्या खुणा असतात. आम्ही त्यांना वाणखुणा म्हणतो. जागा झालेला उंबरठा त्या वाचतो. नात्यात लग्न झालेल्या बऱ्याच जोडप्यांना काही अडचण येत नाही. पण तुमच्या दोघांच्या खुणा जवळजवळ एकच निघाल्या असणार. म्हातारीनं विचारलं, कुणाचा तू? उत्तर आलं, इथलाच. म्हणून अडवलं. ते दोन गर्भही बहुधा याच कारणानं टिकले नाहीत. ती झोपेत होती म्हणून आत शिरले, एवढंच."

"विझवा तो दिवा," केतकी म्हणाली. "आत्ताच्या आत्ता विझवा."

"अगं, तू बरी झालीयस. बरं झालेलं कसं विझवू?" डॉक्टरांचा आवाज पडला होता. "बारीक नळीनं उंबरठा ओलांडून बीज थेट आत सोडता येतं. दिवस राहतील. टिकतील का, ते मला सांगता येणार नाही. नाहीतर मग..." त्यांची नजर बंद पडद्याच्या डाव्या बाजूला गेली.

दोघं घरी पोचली तेव्हा तिन्हीसांज झाली होती. दारात निरांजन जळत होतं. केतकीनं फाटकातच त्याचा हात धरला.

"नळीनं करू या, धैर्या. टिकेल या वेळी. मला माहीत आहे."

"मी रोज तेच करतो गं," तो म्हणाला. "दार ओलांडून नळी आत घालायची, सोडायचं, पुढच्या गोठ्यात जायचं. रेडा बदलायला तेवढा विसरत न्हाई. बापाचा माल लेकीला जाऊ नये, म्हणून किती जपतो! आणि आपल्या घरात..." त्यानं दारातल्या निरांजनाकडं पाहिलं. मग म्हणाला, "म्हशीला कुणी विचारत न्हाई, केतके. तिला सांगता येत न्हाई म्हणून. पण तू सांगितलंस. मी बघितलं की."

"मी कुठं नाही म्हटलं रे?" ती रडायलाच लागली. "मी कधी तुला नाही म्हटलंय?"

त्यानं तिचे डोळे पुसले. लहानपणी पाण्यातून बाहेर काढल्यावर पुसायचा, तसेच. पण जवळ घेतलं नाही. असं आजवर कधी झालं नव्हतं आणि ते दोघांनाही कळलं.

आतून आत्याची हाक आली, "आलासा व्हय रे? लागला का गं दिवा?"

"लागला, आत्या," केतकी म्हणाली. "चांगला लागलाय."

निरांजन ओलांडून ती आत गेली. चपला काढल्या, पाय धुतले, मागं वळून पाहिलं. धैर्यशील अजून उंबऱ्याबाहेरच उभा होता.

"आत ये की रे," ती म्हणाली.

"येतो," तो म्हणाला, आणि बाहेरच पायरीवर बसला.